पत्त्यांच्या डावातून इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका आहे काय?

६० पत्त्यांची गड्डी आहे. १२ पत्ते जंतूंचे, ४० पेशींचे आणि ८ घटनांचे. चार भिडू एका टेबलावर बसतात, पण एकमेकांविरुद्ध नाही, चौघं मिळून एकच शरीर असतात आणि समोर जंतू. एक फेरी म्हणजे एक दिवस. टेबलाच्या मधे मणी ठेवायचे, मणी म्हणजे जंतूंची संख्या, सुरुवात चार मण्यांपासून आणि रोज रात्री जेवढे उरलेत त्याचे दुप्पट. ४० च्या वर गेले की शरीर हरलं. दहा दिवसांच्या आत मणी संपवले की जिंकलं. बास, एवढाच खेळ आहे, बाकी सगळी गंमत पत्ते कोणत्या क्रमाने पडतात त्यात आहे.

कोणत्या वयाच्या मुलांना चालेल?

१४ ते १७. त्याहून लहान मुलं खेळतात मस्त पण त्यांच्यासाठी तो नुसता मणी उचलायचा खेळ होतो. पेशी म्हणजे काय, प्रोटीन म्हणजे काय, बॅक्टेरिया आणि व्हायरस यात फरक काय, एवढं आधी माहीत असलं पाहिजे.

वेळ किती लागतो?

पहिल्यांदा नियम समजावण्यासकट एक पूर्ण तास जातो, पुढचे डाव २०-२५ मिनिटांत होतात. पण खेळून झाल्यावर गप्पांना १५ मिनिटं राखून ठेवाच. बेल वाजली, पत्ते गोळा केले, मुलं पळाली, असं झालं तर तुम्ही त्यांना फक्त पत्ते खेळायला शिकवलंत.

पेशींचे ४० पत्ते कोणते कोणते?

१२ पत्ते जन्मजात फळीचे, म्हणजे कुठल्याही जंतूवर आधी धावणाऱ्या पेशींचे, त्यात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज (दोन्ही जंतू गिळणारे) आणि एनके सेल (बिघडलेल्या पेशी मारणारा). ४ डेंड्रायटिक सेलचे, हे जंतूची बातमी पोचवणारे. ९ हेल्पर टी (बाकीच्यांना चालना देणारे), ९ बी सेल (अँटिबॉडी, म्हणजे जंतूला चिकटणारं प्रोटीन, बनवणारे), ६ किलर टी (जंतू शिरलेल्या पेशी मारणारे). शेवटच्या तीन प्रकारांच्या प्रत्येक पत्त्यावर एक खूण असते, तीन आकार आणि तीन रंग मिळून नऊ खुणा. जंतूच्या पत्त्यावरही यातलीच एक खूण. खूण जुळली तरच तो पत्ता चालतो, निळा त्रिकोण असलेला बी सेल लाल चौकोनाच्या जंतूसमोर नुसता बसून राहतो. जन्मजात फळीला खूण नाही, ती कुणावरही धावून जाते, पण ताकद कमी.

पत्ते आधी वाटायचे आणि जंतू मग उघडायचा, हा नियम एवढा ठळक का लिहिलाय?

कारण सगळ्या खेळात हाच एक नियम आहे जो मोडला तर खेळ चुकीचं शिकवतो, आणि मी तो मोडून बघितलाय म्हणून सांगतेय.

माझ्या पहिल्या गड्डीत आधी जंतू उघडायचा आणि मग मुलांनी पेट्यांतून हवे ते पत्ते निवडायचे असं होतं. मुलं खूश, कारण कुणी रडकं पान आलं म्हणून कुरकुरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी साधा प्रश्न दिला, शरीराला जंतूच्या मापाची अँटिबॉडी मिळते कशी? निम्म्याहून जास्त वर्गाने लिहिलं की शरीर जंतूला बघतं आणि त्याच्या मापाची अँटिबॉडी बनवून घेतं, म्हणजे शिंप्याकडे माप दिल्यासारखं. मला आधी मुलांचा राग आला आणि मग लक्षात आलं की त्यांनी माझाच खेळ जसाच्या तसा उतरवलाय.

आणि गंमत म्हणजे ही चूक काही बावळट चूक नाहीये. १९४० मध्ये लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं की अँटिजेन (जंतूचा जो भाग शरीर ओळखतं तो) हा साचा असतो आणि अँटिबॉडी त्याच्याभोवती घडी घालून आकार घेते. खरं उलट निघालं. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेटने १९५७ मध्ये क्लोनल सिलेक्शनची कल्पना मांडली, की जंतू यायच्या आधीच शरीरात तऱ्हेतऱ्हेच्या खुणांच्या पेशी फिरत असतात, जंतू आला की जिची खूण जुळते तीच पेशी निवडली जाते आणि तिच्याच हजारो नकला निघतात. शिंपी नाही, तयार कपड्यांचा ढीग, आणि त्यातला अंगाला बसेल तो शोधायचा.

म्हणून आता पेशींचे पत्ते पिसायचे, वाटायचे, प्रत्येकाला पाच, उरलेले वीस पालथे ठेवायचे, आणि मगच जंतूचा पत्ता उलटा करायचा. तो उलटताना टेबलावर जी शांतता असते ना, आणि मग कुणीतरी ओरडतं "माझ्याकडे आहे, लाल गोल माझ्याकडे आहे!", तो क्षण पकडा. तिथेच थांबवून विचारा, हा पत्ता तुझ्याकडे कधीपासून होता?

डाव चालतो कसा, एखादं उदाहरण द्या ना

रोज गड्डीतून दोन पत्ते ओढायचे आणि जास्तीत जास्त दोन टाकायचे. न्यूट्रोफिल टाकला की तो एक मणी खातो आणि मरतो, पत्ता बाहेर. मॅक्रोफेज टेबलावर राहतो आणि रोज एक मणी खातो. खुणेच्या पत्त्यांना मात्र साखळी लागते: आधी डेंड्रायटिक, दुसऱ्या दिवशी जुळणारा हेल्पर टी, तिसऱ्या दिवशी जुळणारा बी सेल, मग दोन दिवस थांबायचं आणि पाचव्या दिवशी बी सेलचा पत्ता आडवा करायचा. आडवा म्हणजे आता तो प्लाझ्मा सेल झाला, अँटिबॉडी ओकायला लागला. त्या दिवसापासून मण्यांचं दुप्पट होणं बंद आणि मॅक्रोफेज एकाच्या जागी पाच मणी खातो, कारण अँटिबॉडी चिकटलेला जंतू त्याला पकडायला सोपा जातो.

एका टेबलावर झालेलं सांगते. जंतू उघडला, पिवळा चौकोन. एका मुलीच्या हातात पहिल्याच वाटपात पिवळ्या चौकोनाचा बी सेल, शेजारच्याकडे पिवळ्या चौकोनाचा हेल्पर टी. चौघं आधीच जिंकल्यासारखे टाळ्या देत होते. पण डेंड्रायटिक कुणाकडेच नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, रोज दोन पत्ते ओढतायत आणि निघतायत न्यूट्रोफिल नाहीतर भलत्याच खुणांचे किलर टी. ती मुलगी बी सेलचा पत्ता हातात घेऊन बसलेली, टाकता येत नाही. सातव्या दिवशी मणी ४० च्या वर. तिने पत्ता टेबलावर आपटला आणि म्हणाली, "अहो टीचर, माझ्याकडे औषध होतं पण कुणी निरोपच आणला नाही!"

डेंड्रायटिक सेलचं काम यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं. जंतूचा तुकडा उचलून लिम्फ नोडपर्यंत (लसिकाग्रंथी, जिथे टी आणि बी सेल जमतात) न्यायचा आणि टी सेलला दाखवायचा, हा निरोप्या. राल्फ स्टाइनमनने या पेशी १९७३ मध्ये वर्णन केल्या आणि कित्येक वर्षं लोकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. २०११ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा तो तीन दिवसांपूर्वीच गेला होता आणि समितीला ते माहीतच नव्हतं, तरी पुरस्कार कायम ठेवला. ही गोष्ट त्या टेबलावर सांगितली, हरलेल्या चौघांना ती आजही आठवते.

म्हणजे सगळा नशिबाचाच खेळ झाला की!

बराचसा, हो. हुशार मुलांना हेच खुपतं, त्यांना वाटतं डोकं चालवून जिंकता आलं पाहिजे. पण शरीर खरोखरच पिसतं. बी सेल तयार होताना त्याच्या अँटिबॉडीचे जीन तुकड्यांतून जुळवले जातात, हे सुसुमु तोनेगावाने दाखवलं आणि १९८७ चं नोबेल घेतलं. अँटिबॉडी जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रोटीन-साखळ्यांची बनते; माणसाच्या जड साखळीसाठी जीनचे व्ही तुकडे साधारण ४०, डी तुकडे २३ आणि जे तुकडे ६, प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा.

हे वर्गात करून बघा, तीन छोट्या गड्ड्या करा आणि प्रत्येक मुलाला तीन पत्ते ओढायला लावा, मग फळ्यावर गुणाकार: ४० गुणिले २३ गुणिले ६, म्हणजे ५,५२०. हलक्या साखळीच्या जोड्या धरल्या की आकडा १७ लाखांच्या पुढे जातो, आणि तुकडे जोडताना सांध्यावर डीएनएची जी अक्षरं वाढतात-गळतात ती धरली तर मोजायचा नाद सोडायचा. एवढ्याशा जीनमधून एवढी विविधता कशी, हा प्रश्न मुलं मग स्वतःच विचारतात आणि उत्तर त्यांच्या हातातच असतं.

न्यूट्रोफिलचे पत्ते मुलांना फालतू वाटतात, त्यांची ताकद वाढवू का?

नका वाढवू! त्याऐवजी एक डाव त्यांच्याशिवाय खेळायला लावा. जन्मजात फळीचे बाराच्या बारा पत्ते काढून घ्या. चार मणी, मग ८, १६, ३२, आणि चौथ्या रात्री ६४. पाचवा दिवस उजाडतच नाही, म्हणजे अँटिबॉडी यायच्या आधीच खेळ खल्लास. न्यूट्रोफिल जिंकून देत नाही, तो वेळ विकत घेतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त संख्या त्याचीच असते ती उगाच नाही. जखमेतला पू दिसतो ना, तो मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. हे ऐकून वर्गात "ईईई" होतं पण पत्त्याची इज्जत वाढते.

जोडीला मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. १८८२ मध्ये त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर वाटून मिळालं, एक म्हणायचा पेशी लढतात, दुसरा म्हणायचा रक्तातले पदार्थ लढतात. दोघंही बरोबर होते, आपल्या डावात दोन्ही लागतातच.

लस कशी दाखवायची?

घटनांच्या पत्त्यांत लसीचा एक पत्ता आहे. तो निघाला की एक जंतू उघडायचा पण मणी शून्य. साखळी पूर्ण करायची, घाई नाही, शत्रू वाढतच नाहीये. साखळी पूर्ण झाली की तो बी सेल मेमरी सेल म्हणून टेबलाच्या कडेला उघडा ठेवायचा, आणि पुढच्या डावात तोच जंतू आला तर अँटिबॉडी पाचव्या नाही, दुसऱ्याच दिवशी. मुलांना हे दोन डाव लागोपाठ खेळू द्या आणि दोन्हीचे मणी रोजच्या रोज आलेखावर मांडू द्या. पुस्तकातला तो दोन डोंगरांचा आलेख असतो ना, पहिला ठेंगणा आणि दुसरा उंच, तो त्या अँटिबॉडीचा, आणि मण्यांचा आलेख बरोबर उलटा येतो. दोन्ही शेजारी ठेवले की फार बोलावं लागत नाही.

जेनरने १७९६ मध्ये गायीच्या देवीचा प्रयोग केला तेव्हा बी सेल, टी सेल यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. एवढं सांगून पुढे चला.

फ्लू दरवर्षी होतो मग मेमरी काय कामाची, असं मुलं विचारतात

विचारणारच, आणि त्यासाठी म्युटेशनचा पत्ता आहे. तो निघाला की जंतूची खूण बदलते, फक्त रंग बदलतो, आकार तोच. आमच्या नियमात अर्धी खूण जुळणारा मेमरी सेल तिसऱ्या दिवशी चालतो, दुसऱ्या नाही. फ्लूच्या व्हायरसचं बाहेरचं प्रोटीन हळूहळू बदलत राहतं, जुनी ओळख थोडी कामाला येते पण पूर्ण नाही, तेच हे. गोवरचा पत्ता उघडला तर मात्र कडेला ठेवलेले दोन मेमरी सेल परत गड्डीत घालून पिसायचे. गोवर खरंच जुन्या आठवणी पुसतो, आणि मुलांना हा नियम अन्यायाचा वाटतो. वाटू दे.

अँटिबायोटिकचा पत्ता व्हायरसवर टाकला तर?

काही होत नाही, पत्ता वाया. नियमपुस्तिकेत हे आधी लिहू नका, टाकू दे त्यांना. एकदा हात पोळला की विसरत नाहीत.

ॲलर्जी आणि ऑटोइम्युन आजार खेळात येतात का?

मूळ खेळात नाही, पण एक जोड आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. दोन हेल्पर टीच्या पत्त्यांवर जंतूची नाही तर शरीराची स्वतःची खूण काढायची, समजा पांढरा तारा. असा पत्ता टेबलावर आला की तो मणी नाही खात, भिडूंच्या हातातले पत्ते खातो, रोज एक. त्याला थांबवणारा एकच, रेग्युलेटरी टी. टाइप वन डायबेटिसमध्ये हेच घडतं, स्वतःच्याच टी सेल स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतात. थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होणाऱ्या टी सेलपैकी ९५ टक्क्यांहून जास्त तिथेच बाद होतात, काही निरुपयोगी म्हणून आणि काही घातकी म्हणून, तरी थोडे निसटतातच. त्या निसटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या रेग्युलेटरी टी सेलसाठी २०२५ चं नोबेल साकागुची, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांना मिळालं, म्हणजे विषय अगदी ताजा आहे.

पण हे पहिल्याच दिवशी काढू नका, मुलं नुकती आपली बाजू ओळखायला लागलेली असतात.

इम्युनिटी बूस्टरचा पत्ता ठेवला तर मुलांना मजा येईल, ठेवू का?

मला हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आता हसू येतं. नको. सगळ्या पेशींची ताकद दुप्पट करणारा पत्ता म्हणजे पांढऱ्या ताऱ्याचीही ताकद दुप्पट, हे मुलांना दाखवायचं असेल तर जरूर ठेवा, आणि मग ज्याने तो हौसेने टाकला त्याचे पत्ते कसे भराभर जातात ते बघा.

खेळात कायकाय खोटं आहे?

पुष्कळ, आणि डाव संपल्यावर हाच प्रश्न मुलांना टाकायचा. माझ्या मते गप्पांचा सगळ्यात चांगला भाग हाच. सगळ्यात मोठं खोटं म्हणजे भिडू. शरीरात बसून पत्ता निवडणारं कुणी नाही, कमांडर नाही, कुणी ठरवत नाही, पेशी एकमेकांना रसायनांनी ढोसतात आणि त्यातून सगळं घडतं. एका मुलाने विचारलं होतं, "मग आम्ही कोण आहोत?" आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं की चौघांत मिळून जी बोलाचाली होते तीच सायटोकाइन, म्हणजे पेशींची ती ढोसणारी रसायनं. म्हणून आता एक डाव मुक्याने खेळायला लावते, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आणि तो डाव बहुतेक टेबलं हरतात.

दुसरं, खुणा नऊ नसतात. तिसरं, एक पत्ता म्हणजे एक पेशी नाही. चौथं, सगळ्याच बी सेलना हेल्परची मदत लागते असं नाही, काही जंतूंच्या साखरेच्या कवचावर ते परस्परही उठतात, पण हा फाटा त्या वयात फोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आणि टी सेल जंतूला थेट बघत नाही, दुसऱ्या पेशीने ताटात वाढून दाखवलेला तुकडा बघतो, खेळात मात्र दोघांवर एकच खूण छापलेली आहे. हे खोटं मी मुद्दाम ठेवलंय, नाहीतर पत्त्यांची संख्या दुप्पट झाली असती.

अँटिबॉडी म्हणायचं की प्रतिपिंड?

पत्त्यावर दोन्ही छापा. बोलताना मुलं अँटिबॉडीच म्हणतात, पेपरात प्रतिपिंड येऊ शकतं. हेल्पर टीला साहाय्यक टी पेशी वगैरे लिहायला हरकत नाही, पण डावाच्या भरात तेवढं कुणी म्हणत बसत नाही.

यातून खरंच शिकतात की नुसता दंगा?

दंगा होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही येते. शिकले का ते बघायला मी व्याख्या विचारत नाही, अर्धा खेळलेला डाव कागदावर देते: चौथा दिवस, एवढे मणी, हातात हे पत्ते, पुढे काय होईल आणि का? आणि खाली एक प्रश्न: यातला हेल्पर टी काढून टाकला तर? जो मुलगा लिहितो की बी सेल असून उपयोग नाही, किलर टीही ढिले पडतील आणि मग साधे जंतूसुद्धा भारी पडतील, त्याला एचआयव्ही (हेल्पर टी मारणारा व्हायरस) काय करतो ते कळलंय, शब्द आला नसला तरी.

फक्त एक सांभाळा. वर्गात कुणाला, किंवा कुणाच्या घरी, असा आजार असू शकतो. "हे शरीर मेलं" म्हणून आरडाओरडा होतो तेव्हा एखादं मूल गप्प झालेलं दिसतं. मी "मेलं" हा शब्दच नियमातून काढला, "डाव गेला" म्हणायचं.

४० मुलांचा वर्ग आहे, कसं जमवू?

दहा टेबलं, दहा गड्ड्या. जाड कागदावर प्रिंट काढा, कापायचं काम मुलांनाच द्या. पहिल्या दिवशी एकच डाव मधल्या टेबलावर सगळ्यांसमोर उघड्या पत्त्यांनी खेळा, बाकी उभे राहून बघतील आणि सल्ले देतील, नियम तिथेच कळतात. नियमांचा कागद कुणी वाचत नाही.

पत्ते हरवतात, मग?

हरवतातच. न्यूट्रोफिल एखाददुसरा गेला तर कुणाला कळणारही नाही. बी सेल गेला तर त्या खुणेला ती गड्डी आंधळी झाली, कुणालाही न सांगता तशीच वापरा, तो जंतू निघाला की टेबल स्वतःच बोंब मारेल आणि मग शोधू दे त्यांना आपण का हरतोय ते. डेंड्रायटिक आणि हेल्पर टी मात्र लगेच नवीन छापा.